बत्तीस कठडे

न्यू टाउनच्या रिकाम्या प्लॉटांवर काशफुलं उगवली की सगळ्या कोलकात्याला उधाण येतं. परवाचंच सांगते. सोमवारी रस्त्याच्या कडेला नुसतं रानगवत होतं. बुधवारी सकाळी गाडी वळली आणि नजर पोचेल तिथपर्यंत पांढरे तुरे डोलत होते. माणसं स्कूटर थांबवून त्यांत शिरली होती. नव्या साड्या नेसलेल्या मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. आमच्या ड्रायव्हरने काच खाली केली, छातीभर श्वास घेतला आणि जाहीर केलं, "दिदी, पूजो एशे गॅलो!"

"आली खरी पूजा," मी म्हटलं आणि मांडीवरची पर्स पोटाशी घट्ट धरली. काश फुलला की माझ्या पोटात खड्डा पडतो. साधासुधा नाही, सोळा मजले खोल, आणि तळाशी वाळूचा ढीग व त्यावर पालथं पडलेलं एक घमेलं दिसावं इतका स्पष्ट. तो कुठून आला हे सांगायचं तर चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात जावं लागेल. चला. पण माझा हात धरा, एकटीने जायची मला अजून छाती होत नाही.

मी घरांतल्या चुका काढते. पगार घेऊन. "लग्नानंतर बरीच वर्षं हिने हे काम फुकट केलं," असं आमचे हे आल्यागेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. यांची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्यात घेऊन आली आणि मी इथल्या एका बिल्डरकडे क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले. इमारत उभी राहिली की किल्ल्या देण्याआधी प्रत्येक फ्लॅट तपासायचा. फरशी पोकळ वाजते का, दार घासतं का, नळ ठिबकतो का. अशा प्रत्येक चुकीला आमच्यात 'स्नॅग' म्हणतात. बंगाली माणूस मुहूर्ताचं नंतर बघतो, पण नव्या घराची किल्ली त्याला पूजेच्या आत हातात हवी असते. त्यामुळे घरचा दीड दिवसाचा गणपती पोचवला की माझी परीक्षा सुरू होते. आणि परीक्षेचा महिना कसला, तर इथे त्याला चक्क कुजका भाद्रपद म्हणतात. वारा नाही, ऊन अंगाला चिकटतं. रंग वाळत नाही, दारं फुगतात, प्लास्टर घाम गाळतं, आणि माणसंही फुगतात नि घाम गाळतात.

पूर्वी या कामाला एक जाडजूड रजिस्टर असायचं. ते बगलेत मारून, कानामागे पेन्सिल खोचून खोलीखोलीत जायचं. त्याच्या पानांवर सिमेंटचे ठसे असायचे, चहाची वर्तुळं असायची, एका पानावर तर कुणाच्या तरी दुपारच्या मच्छीचा काटा चिकटलेला होता. मग रजिस्टर गेलं आणि टॅबमधलं अॅप आलं. फ्लॅटचा नकाशा उघडायचा, चूक जिथे असेल तिथे बोट टेकवायचं, की तिथे लाल ठिपका उमटतो. तो त्याच क्षणी संबंधित फोरमनच्या फोनवर जाऊन वाजतो. काम झालं की फोरमनने फोटो टाकायचा, ठिपका पिवळा. मी तपासलं की हिरवा. हिरवा म्हणजे झालं, मिटलं, कुणी पुन्हा तिकडे बघायचं नाही. आणि हेड ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळी इमारत ठिपक्याठिपक्यांनी पिकत जाते, तेही उलटी, लालाची हिरवी.

आता गुपित. पंचवीस वर्षं बांधकामात काढलेल्या या बाईला उंचीची भीती वाटते. हसा, हसून घ्या. सांगलीला कॉलेजात असताना आम्हाला पाण्याच्या टाकीवर नेलं होतं, तेव्हा शिडीच्या नवव्या पायरीवर मी मारुतीस्तोत्र म्हणायला लागले आणि खालच्या चार मुलांचा रस्ता अडवून तिथेच राहिले. पुढे नोकरीत मी ही भीती कलावंतासारखी लपवली. स्लॅबच्या कडेला जायची वेळ आली की माझ्या बुटाची नाडी सुटायची. बाल्कनीत पाऊल टाकायच्या क्षणी मला महत्त्वाचा फोन यायचा. तरी रजिस्टर होतं तोवर सुटका नव्हती. पेन्सिल तिथे जाऊनच टेकवावी लागायची. पालीसारखी भिंतीला चिकटून का होईना, मी जायचे. अॅप आलं आणि मी टॅबला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. सोळावा मजला आता माझ्या टेबलावर, पंख्याखाली, चहाच्या कपाशेजारी येऊन बसत होता.

त्या वर्षी आमच्या टॉवरच्या पूर्वेकडच्या बाल्कन्यांवर बत्तीस लाल ठिपके होते. सगळ्यांखाली एकच शेरा: कठडा हलतो. माझ्यासोबतचा एक तपासनीस ते नोंदवून दुसऱ्या साइटवर गेला होता. काम होतं निमाईदाचं. निमाईदा म्हणजे लोखंडकामाचा फोरमन, साठीला टेकलेला, तोंडात पान, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, "होये जाबे, दिदी." होऊन जाईल. आणि खरंच झालं. तीन दिवसांत बत्तीस फोटो आले. स्टीलचे चकचकीत खांब, खांबाच्या तळाशी बोल्ट झाकणाऱ्या चकचकीत टोप्या, मागे निळं आकाश. मी एका हातात शिंगाडा धरला होता, म्हणजे इथला समोसा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ठिपके हिरवे करत गेले. एकतीस, बत्तीस. चटणी संपायच्या आत काम संपलं.

कालच माझी मुलगी विचारत होती, "आई, त्या फोटोत तुला काहीच वाईट दिसलं नाही?" तिचं मराठी इथे वाढल्यामुळे जरा वाकडं चालतं, प्रश्न मात्र सरळ येतात. नाही गं, नाही दिसलं. दिसणार कसं? हलणारा कठडा फोटोत हलत नाही. पक्का खांब आणि डुगडुगता खांब फोटोत जुळ्या भावांसारखे उभे राहतात, दोघेही हसतमुख. हे शेंबड्या पोरालाही कळावं. मला, निमाईदाला, आमचे प्रोजेक्ट हेड सेनसाहेब यांना, हेड ऑफिसातल्या त्या पडद्यासमोरच्या सगळ्या शहाण्यांना ते कळलं नाही, कारण आमच्यासाठी फोटो आला म्हणजे काम झालं होतं.

मग घरमालकांचे दिवस आले. किल्लीआधी एकदा मालकांना घर दाखवतात आणि त्यांच्या फोनवरही अॅप देतात, त्यांना काही खुपलं तर त्यांनीच ठिपका लावावा म्हणून. सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मालकीण होत्या माशीमा, म्हणजे मावशी. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या बागबाजारच्या. पांढरा अंबाडा, त्यावर आमचं पिवळं हेल्मेट, आणि पहिल्या भेटीतच त्यांनी मला आडनाव विचारून घेतलं होतं.

"मराठी? म्हणजे तू बर्गी!" त्या टाळी देत म्हणाल्या. "तुमच्या घोडेस्वारांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी आमच्या दारापासून खंदक खणला होता, ठाऊक आहे? आणि आता तूच मला घर देणार?"

"माशीमा, मी घोड्यावर बसत नाही."

"का गं?"

"उंच असतो."

त्या इतक्या हसल्या की हेल्मेट नाकावर आलं. बागबाजारचं भाड्याचं घर पंचावन्न वर्षांनी सुटणार होतं. त्याला रस्त्यावर लांबच लांब व्हरांडा होता, बिडाच्या नक्षीचा कठडा होता, आणि त्या कठड्यावर कोपर टेकून त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मासेवाल्याशी घासाघीस तिथून, शेजारणीशी अबोला तिथून, विसर्जनाच्या मिरवणुका तिथून. कठडा दिसला की टेकायचं, हे त्यांच्या अंगात पदर सावरण्याइतकं मुरलेलं होतं.

त्या घर बघायला आल्या त्या सकाळी अकराच्या सुमाराला मी केबिनमध्ये होते. टॅब वाजला. सोळाव्या मजल्यावर, पूर्वेच्या बाल्कनीत, नवा लाल ठिपका. आणि खाली माशीमांचा शेरा: 'तक्रार नाही. नुसतं बघ किती सुंदर!' सोबत फोटो नव्हता, व्हिडिओ होता. लावला. खाली काशाचा पांढरा समुद्र, वर निळं आकाश, माशीमांचा कौतुकाने भरलेला श्वास. कडेला त्यांचं कोपर, कठड्यावर टेकलेलं. वाऱ्याने तुरे डोलत होते. आणि कोपराखालचा कठडाही डोलत होता. बाहेर, आत. बाहेर, आत. शेवटी त्यांचा आवाज, "कसा नावेसारखा झुलतो गं!"

माझ्या तळव्यांना गारठा सुटला. तोवर मी समजत होते की भीती छातीत असते. नाही, ती तळव्यांत असते आणि तिथून चढते. फोन लावला: बिझी. बाई तेच सौंदर्य कुठल्या तरी बहिणीला वर्णन करून सांगत असणार. पुन्हा लावला: बिझी. त्यांच्यासोबतचा आमचा माणूस दुसऱ्या मालकांना घेऊन खाली आला होता. बाहेर धावले तर लिफ्टला नुकतंच कुलूप लागलेलं, तपासणी चालू. जिन्याने सोळा मजले चढायला मला अर्धा तास लागला असता. उरला होता तो बाहेरचा होइस्ट.

होइस्ट म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या अंगाने वर जाणारा लोखंडी पिंजरा. सिमेंट, टाइल्स आणि शूर माणसं यांच्यासाठी. दोन वर्षं मी त्याच्याकडे पाहून फक्त मान तुकवत होते. तो चालवणारा इद्रिसभाई मालद्याचा. मला आत शिरताना पाहून त्याने विडी विझवली.

"मॅडम, आज सूरज किधर से निकला?"

"सोला. जल्दी."

"आँख बंद कर लीजिए. पहली बार में मैंने भी की थी."

मी डोळे आधीच मिटले होते. पिंजरा हिसका देऊन उचलला गेला. पायाखालच्या जाळीतून वारा सलवारीत घुसत होता आणि मी जाळीला दहा बोटांनी धरून मोठ्याने मारुतीस्तोत्र म्हणत होते. मध्येच चरण विसरले, पहिल्यापासून सुरुवात केली. इद्रिसभाई मजले मोजत होता. सात. आठ. प्रत्येक आकड्याला मला दुसरंच काही ऐकू येईल असं वाटत होतं. खालून, वाळूच्या ढिगाच्या बाजूने. ते ऐकू येऊ नये म्हणून मी आवाज आणखी चढवत होते.

फ्लॅटचं दार उघडं होतं. रिकामी बैठक, पलीकडे बाल्कनी, आणि उजेडात माशीमांची पाठमोरी आकृती. कानाला फोन, दोन्ही कोपरं कठड्यावर, एक पाय दुसऱ्यावर टाकून निवांत. ओरडले तर त्या दचकून वळणार, आणि वळताना भार टाकणार. मी तोंड उघडलं, मिटलं. आणि मग साऱ्या उत्तर कोलकात्याला हमखास जागेवरून उठवणारं एकच वाक्य मला सुचलं. शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं,

"माशीमा, चा खाबेन?"

चहा घेणार का. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "थांब गं, चहा आलाय," आणि शांतपणे आत चालत आल्या. मी त्यांचं मनगट पकडलं आणि तिथेच फरशीवर बसले.

"चहा कुठे आहे?" त्यांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

निमाईदाला बोलावलं. तो कमरेला दोर बांधून बाल्कनीत गेला आणि त्याने खांबाच्या तळाची टोपी फिरवून काढली. बोल्ट दोन बोटांनी वर आला, दुधाच्या दातासारखा. लांब बोल्ट संपले होते, म्हणून त्याच्या माणसांनी आखूड घातले होते; ते वरच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याच्या थरात शिरले, खालच्या काँक्रीटपर्यंत पोचलेच नव्हते. निमाईदा तो बोल्ट तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. तोंडातलं पान चावायचं विसरला.

"दिदी, मी फोटो तर दिला होता."

"आणि निमाईदा, मी तो पाहिला तर होता."

दोघांनीही आपापलं काम केलं होतं. मग तो माझ्याशेजारी फरशीवर येऊन बसला.

दुपारी सेनसाहेबांच्या केबिनमध्ये. सेनसाहेब म्हणजे मृदू माणूस, आवाज चढला की आधी स्वतःच घाबरणारा. त्यांच्या पडद्यावर टॉवर हिरवागार होता.

"तेवढा सोळाव्याचा दुरुस्त करून घ्या," ते म्हणाले.

"बत्तीसच्या बत्तीस पुन्हा लाल करायचे आहेत, सर."

"पूजा तोंडावर आहे! लोकांनी नव्या घरासाठी पडदे शिवलेत. बाकीचे एकतीस वाईट आहेत असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चांगले आहेत असंही कुणी सांगितलेलं नाही. मी खुर्चीत बसून हिरवे केलेत."

सेनसाहेब हळूच म्हणाले, "हे असं कुणाला सांगू नका. लाल केलेत की अॅप कारण विचारतं. ते वर जातं. तुमच्या नावाने."

खरंच विचारतं. बारीकशी चौकट उघडते: कारण लिहा. नोकरी, यांची दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, मुलीचं कॉलेज, सगळं त्या चौकटीच्या कडेवर उभं होतं. 'तांत्रिक अडचण' लिहून भागलं असतं. मी लिहिलं: 'मी वर गेले नव्हते.' बत्तीस वेळा तेच लिहिलं. सेनसाहेब पाठीमागे हात बांधून खिडकीतून काशाकडे बघत होते. शेवटचा ठिपका लाल झाला तेव्हा म्हणाले, "चला, एक तरी मला हलवून बघू दे." गेलो. त्यांनी कठड्याला हात लावला आणि लगेच काढून खिशात घातला. परत येताना ते लिफ्टमध्ये म्हणाले, "हेड ऑफिसला मी बोलतो."

त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. माझी नोकरी राहिली. बढतीच्या यादीतलं नाव तेवढं गेलं. आणि पुढचे चार दिवस मी कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक निमाईदाच्या मुठीत, अशी बाल्कनी-बाल्कनी हिंडले. प्रत्येक कठडा मीच ढकलायचा, असं ठरवलं होतं. बत्तीसपैकी एकोणीस हलले. पंचविसाव्यानंतर तरी भीती मरेल असं वाटलं होतं. मेली नाही. आजही मरत नाही, मीही तिला मारायला जात नाही. पूर्वी तिच्यामुळे मी टाळत होते, आता तिला बरोबर घेऊन जाते. फार बडबड करते वाटेत, पण येते.

त्या पूजेला टॉवरमध्ये एकही दिवा लागला नाही. माशीमांचा फोन आला होता, अष्टमीला. पूजेच्या ढाकांच्या, इथल्या ढोलांच्या, आवाजात त्यांचा राग मला तुकड्यातुकड्यांत ऐकू आला. बागबाजारच्या घरमालकाने मुदत वाढवून दिली होती, पण सामान बांधून झालं होतं, आणि भांडीकुंडी पोत्यांत घालून त्या सणाच्या दिवशी केळीच्या पानावर खिचडी खात होत्या. "बर्गी ती बर्गीच. आमची पूजा लुटलीस!" मी ऐकून घेतलं. त्यांना कारण माहीत होतं. राग तरीही खराच होता.

कालीपूजा झाल्यावर किल्ल्या दिल्या. नवे लांब बोल्ट, प्रत्येक खांब ओढून तपासलेला. माशीमांचं सामान लागल्यावर मी मिष्टी दोईचं, गोड दह्याचं मडकं घेऊन गेले. घर सुरेख मांडलं होतं. पण त्यांची खुर्ची बाल्कनीच्या दारापासून चांगली पाच हात आत, भिंतीला टेकून ठेवलेली. दार बंद. दाराला कडी.

"बाहेर नाही बसत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "इथूनही दिसतं."

इथून काही दिसत नव्हतं. समोरच्या टॉवरचा गच्चीवरचा हौद तेवढा दिसत होता.

"माशीमा, आता पक्का आहे. मी स्वतः बघितलाय."

"मला तो नावेसारखा वाटला होता, आठवतं? मी मजेत होते. मग तू आलीस. तुझा चेहरा पाहिला मी, फरशीवर बसलीस तेव्हा." त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले. "पंचावन्न वर्षं टेकले गं मी. आता पाय उंबऱ्यापलीकडे जात नाही."

अॅपमध्ये त्या बाल्कनीचा ठिपका हिरवा होता. या वेळी खराखुरा हिरवा. मी कडी काढली. वारा आत आला, दोईच्या मडक्यावरचा कागद उडाला. मी बाल्कनीत गेले. पट्टा नव्हता, दोर नव्हता, निमाईदा नव्हता. मी कठड्याला पाठ लावून उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि सगळं वजन, तेही काही थोडंथोडकं नाही, मागे टाकलं.

कठडा हलला नाही. मी डोळे मिटून तशीच राहिले.

"ए मेये! अगं पोरी, आत ये!" आतून माशीमा ओरडल्या.

"तुम्ही आल्याशिवाय नाही येत."

"वेडी आहेस का? मी नाही येणार!"

"मग मी इथेच."

मनातल्या मनात मी मारुतीस्तोत्र दोनदा म्हटलं. मला खात्री आहे, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब भाद्रपद होता आणि तो कार्तिकात आला होता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. चपलांचा, एक पाऊल, थांबा, एक पाऊल. आणि माझ्या कुर्त्याचा गळ्याखालचा भाग दोन सुरकुतलेल्या मुठींनी असा काही पकडला गेला की माझा श्वास अडकला.

"मी धरलंय," माशीमा दातओठ खात म्हणाल्या. "आता सरळ उभी राहा."

मी डोळे उघडले. त्या बाल्कनीत होत्या.